काटो एन गेज युनिट्रॅक : जोड पक्का, सांधा सांभाळून

जोडावरून नख फिरवून बघा. युनिट्रॅक म्हणजे जपानी काटो कंपनीचे, एन गेजच्या (९ मिमी रुंदीच्या) मॉडेल गाड्यांसाठी जोडून मांडायचे रूळ. त्याचे दोन तुकडे नीट बसले असतील तर रुळाच्या माथ्यावर नख अडखळत नाही. अडखळलं, तर एका बाजूचा रूळ जोडपट्टीत (रुळांची टोकं पकडणाऱ्या धातूच्या पट्टीत) शिरायचा सोडून तिच्या डोक्यावर चढून बसला आहे असं समजावं. वरून बघताना हे कळत नाही, कारण दोन्ही प्लास्टिक तळ एकमेकांना व्यवस्थित चिकटलेले दिसतात. गाडी मात्र तिथे टक् करते, आणि कधी मधलाच एखादा हलका डबा खाली उतरतो. मांडणी पूर्ण झाल्यावर एकेक जोड नखाने तपासायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवायच्या भानगडीत पडू नये.

आधी शब्दांचं ठरवून घेऊ, नाहीतर पुढे घोळ होईल. दोन तुकडे जिथे जुळतात तो जोड. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जिथे वळते तो सांधा. सांधेवाला बदलतो तोच. युनिट्रॅकचं बरंवाईट या दोन शब्दांत येतं. त्याच्या जोडाला तोड नाही. सांध्यांपैकी ६ नंबरचा, म्हणजे लांब आणि सावकाश वळणारा, चांगला आहे. ४ नंबरचा, आखूड, मात्र खोक्यातून काढून थेट टेबलावर लावायची वस्तू नव्हे.

युनिट्रॅक म्हणजे रूळ, स्लीपर आणि खडीचा उतार एकाच प्लास्टिकच्या तळावर घडवलेला तयार तुकडा. रूळ निकेल सिल्व्हरचा, रुळांमधलं अंतर ९ मिमी, उंची कोड ८०, म्हणजे एका इंचाचे ८० हजारांश, सुमारे २.०३ मिमी. १:१६० प्रमाणात ही उंची ३२५ मिमी होते. खऱ्या रेल्वेच्या यूआयसी ६० या प्रमाणित रुळाची उंची १७२ मिमी असते, त्यामुळे युनिट्रॅकचा रूळ दिसायला जवळजवळ दुप्पट उंच आहे. फोटो जवळून काढणाऱ्यांना हे खटकणार. पण जाड कड्याची जुनी चाकंही त्यावरून बिनतक्रार धावतात ती या उंचीमुळेच. काटोने १९६५ साली सी ५० हे वाफेचं इंजिन काढून जपानमध्ये एन गेज आणलं. तिथली नेहमीची इंजिनं-डबे १:१५० मध्ये असतात आणि शिंकानसेन (बुलेट ट्रेन) १:१६० मध्ये. दोन्ही त्याच ९ मिमीवर धावतात. शिंकानसेनच्या खऱ्या रुळांमधल्या १४३५ मिमीला १६० ने भागलं की ८.९७ येतात, म्हणून शिंकानसेन रुळावर शोभते. जपानमधल्या नेहमीच्या रुळांच्या १०६७ मिमीला १५० ने भागलं तर ७.१ च येतात, म्हणून बाकीच्या जपानी गाड्यांखाली रूळ जरा फाकलेला वाटतो. हा दोष युनिट्रॅकचा नाही, पण त्याच्या नावावर खपतो.

मापं

या रुळाचं खरं मोल त्याच्या मापांत आहे. सरळ तुकड्याचं मूळ माप २४८ मिमी. त्याचा निम्मा १२४, पाव ६२, पाऊण १८६. दुहेरी मार्गात दोन मार्गांच्या मध्यरेषांमधलं अंतर, म्हणजे मार्गांतर, ३३ मिमी, आणि वळणांच्या त्रिज्याही ३३ च्याच पायऱ्यांनी चढतात : २१६, २४९, २८२, ३१५, ३४८, ३८१. हे डोक्यात बसलं की कागदावर पेन्सिलीने आखलेली मांडणी टेबलावर तशीच उतरते. उरलेली फट भरायला २९, ३३, ३८ आणि ४५.५ मिमीचे छोटे तुकडे मिळतात. शिवाय ७८ पासून १०८ मिमीपर्यंत लांबणारा एक सरकता तुकडाही आहे. तो प्रत्येक मांडणीत एक तरी असावा, पण अडचण झाकायला नव्हे. जुळत नसलेली मांडणी सरकत्या तुकड्याने ओढूनताणून जुळवली की ताण शेजारच्या जोडांवर जातो, आणि ज्या जोडाचं एवढं कौतुक केलं तोच सैल होतो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. टेबल १२०० × ७५० मिमी, त्यावर दुहेरी लंबगोल. बाहेरच्या मार्गाला ३१५ त्रिज्येचे ४५ अंशी ८ तुकडे आणि २४८ चे ४ तुकडे. आतल्या मार्गाला २८२ त्रिज्येचे ८ आणि तेवढेच ४ सरळ. बाहेरच्या मार्गाची रुंदी ६३० मिमी, त्यात तळाची रुंदी २५ मिमी मिळवली की ६५५. लांबी ६५५ अधिक ४९६, म्हणजे ११५१ मिमी. लांबीत प्रत्येक टोकाला २४-२५ मिमीच जागा उरते. गाडी घसरली तर ती थेट जमिनीवर जाईल एवढीच. तेव्हा दोन्ही टोकांना प्लायवुडची किंवा ॲक्रिलिकची ४०-५० मिमी उंच पट्टी ठोकावी. टेबल १२५० करता आलं तर ते जास्त बरं.

या लंबगोलात दोन मार्गांमध्ये गाडी इकडची तिकडे न्यायची तर काटोचा दुहेरी क्रॉसओव्हर ३१० मिमीचा आहे आणि त्याचं मार्गांतर ३३ च आहे. ३१० अधिक १८६ बरोबर ४९६. म्हणजे एका बाजूचे २४८ चे दोन-दोन तुकडे काढले की तो १८६ च्या तुकड्यांसह नेमका बसतो. हेच काम ६ नंबरच्या दोन सांध्यांनी करायला गेलात तर जमत नाही, आणि इथे नवखे हमखास फसतात. ६ नंबरच्या सांध्याची वळती बाजू ७१८ मिमी त्रिज्येची, १५ अंशांची. असे दोन पाठीला पाठ लावले की मार्गांतर ४९ मिमीच्या आसपास येतं, ३३ नव्हे. ४ नंबरच्या दोन सांध्यांनी मात्र ३३ साधतं, कारण त्याची त्रिज्या ४८१ आहे : ४८१ च्या १५ अंशांत रूळ १६.४ मिमी बाजूला सरकतो, त्याची दुप्पट ३२.८. काटोचा आराखडा असा इकडून तिकडून जुळतो, पण कुठला सांधा कुठल्या अंतराला, हे तुम्हालाच लक्षात ठेवावं लागतं.

आता त्या ३३ मिमीत मोठे डबे एकमेकांना घासतात का? शिंकानसेनचा डबा घ्या : २५ मीटर लांब, ३.३८ मीटर रुंद, बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या दोन गाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर १७.५ मीटर. १:१६० मध्ये तो १५६ मिमी लांब आणि २१ मिमी रुंद होतो, बोगींमधलं अंतर १०९. बाहेरच्या ३१५ च्या वळणावर डब्याचं पोट आत ४.७ मिमी झुकतं. आतल्या २८२ च्या वळणावर डब्याचं टोक बाहेर ५.५ मिमी डोकावतं. ३३ मधून २१, ४.७ आणि ५.५ वजा केले की पावणेदोन मिमी उरतात. घासत नाहीत, पण अंतर कागदावरच आहे. एखादा जोड अर्धा मिमी आत सरकला किंवा डबा बोगीवर डुलला की संपलं. लांब डबे दोन्ही मार्गांवर एकाच वेळी पळवायचे असतील तर ३१५ आणि ३४८ ची जोडी घ्यावी, टेबल लांबी-रुंदीला ६६ मिमीने वाढवावं. मालगाडीचे आखूड डबे किंवा वाफेची छोटी इंजिनं असतील तर २८२ आणि ३१५ ला हरकत नाही.

स्टेशनात गाडी बाजूला घेऊन दुसरीला पुढे काढायचं असेल, तर १२०० चं टेबल विसरा. ६ नंबरचे दोन सांधे, त्यांच्या मागे वळण सरळ करायला ७१८ चे दोन तुकडे : सरळ रेषेत एवढ्यालाच १८६ च्या चौपट, म्हणजे ७४४ मिमी जातात, आणि उभं राहायला जागा अजून मिळालेलीच नाही. मध्ये एक २४८ घातला की ९९२. तो एकेरी ३१५ च्या लंबगोलाच्या आतल्या बाजूला घेतला की एकूण लांबी १६४७ मिमी होते, म्हणून टेबल १८०० चं लागतं. एवढं करून बाजूच्या रुळावर सुरक्षित उभं राहायची लांबी साधारण ५५० मिमी मिळते. २० मीटरचा डबा १:१५० मध्ये १३३ मिमी, म्हणजे चार डबे, इंजिनासकट, जेमतेम. आठ डब्यांच्या गाडीची स्वप्नं बघण्याआधी हा हिशेब करून ठेवलेला बरा.

जोड

प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकाच रुळावर एक युनिजॉइनर असतो : प्लास्टिकच्या खोबणीत धातूची जोडपट्टी. समोरून दुसऱ्या तुकड्याचा युनिजॉइनर येतो आणि दोन्ही एकमेकांच्या तळात अडकतात. टक् असा आवाज आला म्हणजे प्लास्टिक अडकलं. रूळ जोडपट्टीत गेला की नाही, हे त्या आवाजावरून ठरवू नये. म्हणूनच सुरुवातीचं ते नख.

सोडवताना जोडापाशी दोन्ही हातांनी धरून किंचित वर-खाली हलवत सरळ ओढायचं. बाजूला मुरगळलं की धातूची पट्टी फाकते आणि मग ती रुळाला घट्ट धरत नाही. दिसायला जोड तसाच राहतो, वीज मात्र कधी जाते, कधी जात नाही. जी मांडणी दर सुट्टीला उचलून कपाटात जाते तिथे काही युनिजॉइनर दरवर्षी बदलायला लागतील हे धरूनच चालावं. ते सुटे मिळतात, एक पाकीट घरात असावं. इन्सुलेटेड युनिजॉइनर वेगळे येतात, त्यांत धातूची पट्टी नसते. दोन्ही एकाच डबीत ठेवू नका. घाईत चुकून तो लागला तर गाडी का थांबली हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

सांधे

आता खरा मुद्दा. दोन्ही सांध्यांत चालवायचं कॉइल तळाच्या आतच दडलेलं आहे, बाहेर मोटरीचं कुबड दिसत नाही. बाजूला हाताने सरकवायची छोटी कळ आहे. तारा दोनच, वीज एका दिशेने दिली की सांधा सरळ, उलट दिशेने दिली की वळता. टेबलाला भोक पाडायची गरज नाही, खालून काही लोंबत नाही. यासाठी काटोला पूर्ण गुण.

६ नंबर १८६ मिमीचा. क्रॉसिंग (दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात ती जागा) धातूचं आणि विजेचं, त्यामुळे दोन धुरांचं छोटं इंजिनही त्यावर न अडखळता सावकाश जातं. पाती, म्हणजे मार्ग बदलायला सरकणारे निमुळते रूळ, लांब आणि बऱ्यापैकी ताठ. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा.

४ नंबर १२६ मिमीचा. त्याच्या शेजारी बसणारे ६० मिमीचे तुकडे सोबत येतात, कारण १२६ अधिक ६० की पुन्हा १८६. जागा वाचते, दोन मार्गांचं अंतर ३३ वर राहतं, आणि तळाशी असलेल्या बारीक स्क्रूंची जागा बदलून वीज फक्त निवडलेल्या मार्गाला द्यायची की दोन्ही मार्गांना, हेही ठरवता येतं. कागदावर हाच जास्त हुशार सांधा आहे. अडचण त्याच्या पात्याच्या टोकाशी आहे.

पातं बाजूच्या स्थिर रुळाला टेकतं तिथे भिंगातून बघा. टोक कापल्यासारखं बोथट आहे आणि रुळाच्या कडेच्या किंचित बाहेर उभं राहतं. पात्याच्या बाजूने येणाऱ्या चाकाची कड त्या टोकावर आपटते. वेग असला की कड टोकावर चढते आणि पुढची बोगी एका मार्गाने, मागची दुसऱ्या मार्गाने जाते. सहा धुरांची लांब इंजिनं यात आधी सापडतात, कारण तीन धुरांच्या बोगीतलं मधलं चाक वळणावर बाजूला दाबलं जातं. उलट दिशेने, म्हणजे क्रॉसिंगकडून पात्याकडे येताना तीच गाडी शंभर वेळा व्यवस्थित जाते. त्यामुळे ‘सांधा ठीक आहे, इंजिनातच खोट आहे’ असा निष्कर्ष निघतो आणि माणूस इंजिन उघडून बसतो.

उपाय कानशीचा. सुईसारखी बारीक त्रिकोणी कानस घ्यावी. पातं दूर सरकवून, स्थिर रुळाच्या आतल्या कडेवर जिथे टोक टेकतं तिथेच एक उथळ खाच पाडावी. खोली इतकीच की टोक त्यात लपेल, मिमीचा छोटा अंश. मग पात्याचं टोक आतल्या बाजूने तिरकं घासून धारेसारखं करावं. वरचा माथाही टोकापाशी किंचित उतरता करावा. दोन्ही पात्यांना हे करायचं. धातूचा कीस कॉइलजवळ जाऊ नये म्हणून सांधा उभा धरून घासावा आणि नंतर ब्रशने झटकावा. रूळ निकेल सिल्व्हरचा आहे, लोखंडाचा नव्हे, तेव्हा त्याचा कीस चुंबकाने निघत नाही. चाचणी इंजिनाने नको. एक सुटी बोगी बोटाने पात्याच्या दिशेने ढकलत, बाजूला दाब देत फिरवावी. पाच-दहा वेळा दोन्ही मार्गांनी जर्क न बसता गेली की सांधा टेबलावर जाण्यालायक झाला. अर्ध्या तासाचं काम आहे. खाच खोल गेली तर मात्र रूळ तिथे अरुंद होतो आणि नवी डोकेदुखी सुरू होते. म्हणून एक-दोन घासण्या, मग बोगी, परत एक-दोन घासण्या, असं जावं.

६ नंबरला हे सहसा लागत नाही, पण पात्याच्या टोकावर साच्यातली किंवा कापण्यातली बारीक कूस राहिली असेल तर तीही हलक्या हाताने काढून टाकावी.

दुसरी नेहमीची तक्रार : सांधा अर्धवटच सरकतो. कारणं बहुधा तीन. विजेचा झटका कमजोर, तार लांब आणि बारीक, किंवा पात्याखाली खडीचा कण. काटोचं स्वतःचं बटण क्षणभरच वीज देतं, म्हणून कॉइल जळत नाही. घरी बनवलेल्या दाब-बटणाने मात्र बोट अडकून राहिलं की कॉइल तापतं, तळ वितळतो आणि सांधा कायमचा जातो. त्यावर एक स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे : एकध्रुवी दोन जागांचं टॉगल आणि कॉइलच्या मालिकेत २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर. टॉगल एकीकडे टाकलं की कपॅसिटर कॉइलमधून भरतो, सांधा एका बाजूला जातो. दुसरीकडे टाकलं की तोच कॉइलमधून उलटा रिकामा होतो, सांधा परत येतो. भरल्यावर किंवा रिकामा झाल्यावर प्रवाह शून्य, म्हणून जळायला काही उरतच नाही. झटका कमी पडला तर ३३०० मायक्रोफॅरडचा लावावा. कपॅसिटरचे ध्रुव उलटे जोडू नका.

डीसीसीवर (रुळातूनच डिजिटल आज्ञा देऊन गाड्या चालवायच्या पद्धतीवर) सांधे चालवायचे असतील तर त्या आज्ञा वाचणारा डिकोडर दोन तारांवर ध्रुव उलटवणारा, क्षणिक झटका देणारा हवा. डिजिट्रॅक्सचा डीएस ५१ के १ आणि एनसीईचा स्विच-कॅट खास यासाठीच आहेत. तीन तारांच्या जुळ्या कॉइलचा डिकोडर इथे चालत नाही, आणि सावकाश फिरणाऱ्या मोटरींना सतत वीज देणारा तर मुळीच लावू नये. वर सांगितलेलं जळणंच होईल, फक्त बटणाऐवजी डिकोडरच्या हातून.

वीज

६ नंबरचा सांधा निवडलेल्या मार्गालाच वीज देतो. साध्या डीसीवर ही सोय आहे : बाजूला उभी केलेली गाडी आपोआप मेलेली राहते. पण मग फीडर, म्हणजे रुळाला वीज देणाऱ्या तारांची जागा, सांध्याच्या पात्याच्या बाजूला असला पाहिजे. क्रॉसिंगच्या पलीकडे दुसरा फीडर लावण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही स्थितींत तपासा, आणि शंका असेल तर क्रॉसिंगकडून निघणाऱ्या दोन आतल्या रुळांना इन्सुलेटेड युनिजॉइनर घालून त्यापुढच्या भागाला वेगळी वीज द्या. डीसीसीवर तर हे सुरुवातीलाच करून टाकावं, मागाहून खडी उकरत बसण्यापेक्षा.

फीडर किती? वर दिलेल्या लंबगोलात बाहेरच्या मार्गाची लांबी सुमारे तीन मीटर, जोड १२, म्हणजे दोन रुळांचे मिळून २४ सरकते संपर्क. नव्या रुळावर एका फीडरने गाडी पळते. वर्ष-दोन वर्षांनी जोडांवर काळं साचतं, आणि टेबलाच्या लांबच्या टोकाला गाडी दम लागल्यासारखी मंदावते. म्हणून समोरासमोर दोन फीडर. काटोचा फीडर-तुकडा ६२ मिमीचा आहे आणि ६ नंबरच्या १८६ शेजारी बसला की बरोबर २४८ होतात. त्याऐवजी तारा लावलेले टर्मिनल युनिजॉइनर कुठल्याही जोडावर लावता येतात. घरीच सोल्डर करणार असाल तर धातूची पट्टी प्लास्टिकमधून काढून, खालच्या बाजूने, झटपट करा. बसलेल्या रुळाला सोल्डरिंग आयर्न टेकवलं की स्लीपर मऊ पडून रुळांमधलं अंतर बदलतं.

डीसीसी असेल तर शेवटी नाण्याची चाचणी : फीडरपासून सगळ्यात लांबच्या जागी धातूचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. यंत्रणेने लगेच वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तिथवर जाणारे जोड कमजोर आहेत. खऱ्या घसरणीत अशा ठिकाणी बोगी तापून प्लास्टिक वितळतं.

बसवणं, आवाज, दिसणं

तळ पोकळ आहे, त्यामुळे थेट प्लायवुडवर घट्ट चिकटवला की टेबल ढोलासारखं वाजतं. खाली दोन-तीन मिमीचं कॉर्क किंवा फोम घालावं आणि रूळ ठिकठिकाणी, ३०० मिमीच्या अंतराने, लवचिक सिलिकॉन किंवा डबल साइड टेपच्या ठिपक्यांनीच पकडावा. आवाज बराच कमी होतो आणि मांडणी बदलताना पातळ सुरीने रूळ सुटतो. पूर्ण लांबीभर गोंद ओतणाऱ्याने आपण काय उचलणार आहोत याचा आधीच विचार करावा. सरकत्या तुकड्याचा सरकता भाग तर कधीच चिकटवू नये.

खडी चकाकते. मॅट वार्निशचा हलका फवारा, रुळांच्या कुशींना गंजाचा तपकिरी रंग, वरून ओल्या बोळ्याने माथा पुसून घेणं, एवढ्याने खेळण्याचा भास निम्मा जातो. जोडांच्या आत रंग शिरू देऊ नका. खरी खडी टाकायची तर तळाच्या उताराच्या बाहेरच्या बाजूलाच टाकावी, काटोची जुळती खडीही सुटी मिळते. सांध्याच्या पात्यांच्या परिसरात पातळ केलेला गोंद एक थेंबही नको. तो तळात झिरपतो आणि कॉइल जागीच अडकतं. एकेरी तुकड्यांचे स्लीपर सहसा लाकडी तपकिरी आणि दुहेरी तुकड्यांचे काँक्रीटचे राखाडी आहेत, एकाच मार्गात मिसळले की ठिगळ दिसतं. दुहेरी वळणांत बाहेरचा रूळ उंच केलेला असतो आणि वळणात शिरायचे, निघायचे तुकडे डावे-उजवे वेगळे असतात. ते उलटे लावले तर गाडी वळणाच्या तोंडाशी बाहेर झुकते.

चढासाठी काटोचे खांब ५ मिमीच्या पायऱ्यांनी ५० मिमीपर्यंत चढतात. ते १२४ मिमीवर एकेक ठेवले की चढ ४ टक्के होतो. हा फार खडा आहे. लांब गाडीचं इंजिन जागीच चाकं फिरवत बसतं, उतरताना डबे इंजिनाला ढकलतात. जागा असेल तर तेच खांब २४८ वर ठेवावेत, चढ २ टक्क्यांवर येतो. मधल्या जोडाला मात्र योग्य उंचीचा लाकडी ठोकळा द्यायचा, नाहीतर रूळ तिथे खाली झोल खातो. ५० मिमी चढायला मग अडीच मीटर लागतात. वर सांगितलेल्या १२०० च्या टेबलावर चढाचा विचारच नको.

साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न धागे सुटणारं कापड पुरतं. पॉलिश पेपर वापरू नये. त्याचे ओरखडे पुढची काजळी आणखी लवकर धरतात. रूळ पुसून चाकं तशीच ठेवली तर दहा फेऱ्यांत रूळ पुन्हा काळा.

दुसरं काही घ्यावं का?

टोमिक्स या दुसऱ्या जपानी कंपनीचा फाइनट्रॅक तेवढाच सुबक आहे, पण त्याचं जग वेगळं : मूळ माप २८०, त्याचे १४० आणि ७०, मार्गांतर ३७ मिमी. दोघांची जोडपद्धतही जुळत नाही. घरात ज्याचे सांधे आधी आलेत त्याच्याबरोबर राहावं. ३७ मिमीमुळे लांब डब्यांना वळणावर थोडा जास्त श्वास मिळतो, हे टोमिक्सच्या बाजूने नोंदवायला हवं.

पेको कंपनीचा कोड ५५ फ्लेक्स, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा रूळ, वेगळ्याच वर्गातला. ९१४ मिमीची सलग लांबी, म्हणून जोड कमी. हवी ती त्रिज्या, वळणात सावकाश शिरणारे रूळ, आणि बारीक दिसणारा रूळ, ज्याचा खालचा भाग स्लीपरमध्ये गाडलेला असतो. पण कापणं, सोल्डर करणं, खाली कॉर्क, वर खडी, सगळं आपल्या हातचं. ज्याला मांडणी कायम एकाच जागी ठेवायची आहे आणि गाडीपेक्षा रूळ बघण्यात रस आहे त्याला युनिट्रॅकमध्ये दोन वर्षांत कंटाळा येईल. वळणं आखीव आहेत, सांध्यांचे प्रकार मोजके, दोन्ही मार्ग वळणारा सांधा या मालिकेत शोधू नये.

दोन्ही मिसळता येतात, आणि ही वाट फार जण घेत नाहीत याचं नवल वाटतं. बोगद्यातला, मागच्या बाजूचा, हात न पोहोचणारा भाग युनिट्रॅकचा करावा, कारण तिथे भरवसा लागतो; समोरचं स्टेशन फ्लेक्सचं, कारण तिथे नजर जाते. मध्ये काटोचा ६२ मिमीचा रूपांतर-तुकडा लागतो, त्याच्या एका टोकाला युनिजॉइनर आणि दुसऱ्याला साधी जोडपट्टी येते. दोन्ही रुळांच्या माथ्यांची उंची आधी मोजून घ्या आणि फ्लेक्सखालचं कॉर्क शेवटच्या ३०० मिमीत घासत घासत त्या उंचीला आणा. आणि तो जोडही नखाने तपासा.